नकाशा वाचायला उशीर झाला

डोंबिवलीतून उठून आम्ही अमेरिकेत, व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीत आलो. 2000 साली इथली लोकसंख्या 1,69,599 होती, 2020 च्या जनगणनेत ती 4,20,959 झाली. त्या वाढीत आम्हीही आलो, त्यामुळे ‘गर्दी फार झाली’ म्हणताना माझी जीभ जरा अडखळतेच. तरी इथे राहून उशिरा शिकलेल्या काही गोष्टी सांगतो.

1. मत देता येत नसलं तरी बोलता येतं. व्हिसावर आहोत, आपल्याला कोण विचारणार, असं म्हणत मी घरी बसलो. नव्या विकास आराखड्यासाठी काउंटी गावोगाव बैठका घेत होती. 20 जून 2019 ला आराखडा मंजूर झाला, तेव्हा मी तो पहिल्यांदा उघडला.

2. ‘बाय-राइट’ हा शब्द आधी शिका. आमच्या घरामागची झाडी गेली आणि तिथे डेटा सेंटरची बिनखिडक्यांची भिंत उभी राहिली. मी तावातावाने विचारलं, सुनावणी कधी झाली? झालीच नव्हती, कारण तिची गरजच नव्हती. त्या जमिनीच्या झोनमध्ये असं बांधकाम आधीपासून हक्काने करता येत होतं. घर घेताना मी स्वयंपाकघरातला ओटा चार वेळा पाहिला होता, झोनिंगचा नकाशा एकदाही नाही. मार्च 2025 मध्ये सुपरवायझर मंडळाने डेटा सेंटरची ही मुभा काढून घेतली. पण उभी भिंत थोडीच हलते?

3. सुनावणीत ‘व्यासपीठावरील मान्यवर’ करत बसू नका. मिनिटं मोजून मिळतात. माझी पहिली दोन प्रस्तावनेतच गेली.

4. काउंटीच्या पश्चिमेकडच्या शेतकऱ्यांबरोबर आधी चहा प्या. खडीचे रस्ते पक्के करा, ही मागणी मला निर्विवाद वाटायची. पण घोडे पाळणाऱ्या एका आजोबांना तेच रस्ते जपायचे होते: डांबर आलं की मागोमाग बंगले येतात, म्हणाले. मला ते पटलं नाही. माझी मागणी मात्र मी मागे घेतली.

5. 15 नोव्हेंबर 2022 ला ॲशबर्नपर्यंत मेट्रो आली. पुढच्या उन्हाळ्यात आई इथे आली. स्टेशनाबाहेर गाड्यांचं एवढं मोठं पार्किंग पाहून तिने डोंबिवलीकराचा प्रश्न विचारला, “अरे, घर चालत किती लांब?”

“पंचवीस मिनिटं,” मी म्हणालो, “पण मध्येच फूटपाथ संपतो.”

त्या तुकड्यासाठी पुढच्या सुनावणीत मी नाव नोंदवलं. यावेळी प्रस्तावना नाही.