इंग्रजी वाक्प्रचार : अर्थ आणि व्यवहार

वाक्प्रचारातील प्रत्येक शब्द ठाऊक असूनही त्याचा समग्र अर्थ हाती लागत नाही, हा अनुभव इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला पदोपदी येतो. 'पोटात कावळे ओरडणे' याचे शब्दशः भाषांतर वाचून इंग्रज जसा बुचकळ्यात पडेल, तशीच ही अवस्था होय.

वाक्प्रचार हा त्या त्या समाजाच्या जीवनातून घडतो. 'टू ब्रेक द आइस' याचे मूळ गोठलेल्या पाण्यातून नौकेसाठी वाट मोकळी करण्याच्या कृतीत आहे. अपरिचितांमधील संकोच दूर करणे, हा त्याचा रूढ अर्थ. 'टू कॅरी कोल्स टू न्यूकॅसल' म्हणजे निरर्थक खटाटोप. कारण इंग्लंडमधील न्यूकॅसल बंदरातूनच शतकानुशतके कोळसा बाहेर जात असे. 'टू बीट अबाउट द बुश' हा शिकारीतून आला. मुद्द्याला हात न घालता आडवळणाने बोलणे, असा त्याचा आशय आहे.

काही वाक्प्रचारांना मराठीत सहज जोड सापडते. 'टू मेक बोथ एंड्स मीट' म्हणजे हातातोंडाची गाठ घालणे. 'टू लीव्ह नो स्टोन अनटर्न्ड' यासाठी 'प्रयत्नांची पराकाष्ठा करणे' हा प्रयोग आहे. तेथे दगड उलटण्याचे प्रयोजन नाही. 'रेड टेप' मात्र 'लालफीत' या रूपाने मराठीत रुळला, कारण कागदपत्रे बांधण्याची तांबडी फीत येथील कचेऱ्यांनाही परिचित होती.

एकच प्रयोग दोन देशांत परस्परविरोधी अर्थाने वापरला जातो, याचे उदाहरण 'टू टेबल' हे आहे. ब्रिटनमध्ये त्याचा अर्थ विषय चर्चेस ठेवणे, तर अमेरिकेत तो बाजूस सारणे. दुसऱ्या महायुद्धकाळात यावरून ब्रिटिश व अमेरिकी अधिकाऱ्यांत दीर्घ वाद झाला. वस्तुतः दोघांनाही एकच गोष्ट अभिप्रेत होती, असे विन्स्टन चर्चिल यांनी नमूद केले आहे. भारतीय विधिमंडळांनी ब्रिटिश अर्थ स्वीकारला असून 'सभागृहाच्या पटलावर ठेवणे' हा त्याचा मराठी पर्याय आहे.

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, 1964 अन्वये मराठी राज्याची राजभाषा झाली. त्यामुळे हा प्रश्न केवळ विद्यार्थ्यांचा उरत नाही. 'टर्न डाउन' म्हणजे नामंजूर करणे. 'कीप इन अबेयन्स' म्हणजे तूर्त स्थगित ठेवणे. अनुवादात या दोहोंची गल्लत झाल्यास, अर्ज फेटाळला गेला असतानाही अर्जदार निर्णयाची वाट पाहत राहील आणि अपिलाची मुदत टळून जाईल.

म्हणून अभ्यासकाने वाक्प्रचार सुटा पाठ न करता वाक्यासह टिपून ठेवावा, त्याचा प्रसंग ध्यानी घ्यावा आणि अनुवाद करताना शब्दाला शब्द न शोधता आशयाला आशय शोधावा. जेथे समर्पक मराठी वाक्प्रचार आढळत नाही, तेथे साधे, सरळ वाक्यच श्रेयस्कर ठरते.