मुलांचा, तरुणांचा आणि घराचा समुपदेशक

मुले, तरुण आणि कुटुंबे यांच्यासाठी काम करणारा समुपदेशक औषध देत नाही. तो अधिकार मानसोपचारतज्ज्ञाचा. मानसोपचारतज्ज्ञ आधी एमबीबीएस होतो, मग मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतो. मानसिक विकारांचे मोजमाप, बुद्ध्यांकाच्या चाचण्या आणि गंभीर विकारांवरील मानसोपचार हे चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे क्षेत्र असून त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. परीक्षेची धास्ती, तुटलेली मैत्री, वडिलांचे व्यसन, आईवडिलांचे वेगळे होणे, अभ्यासातून अचानक उडालेले मन अशा ठिकाणी समुपदेशकाचे काम सुरू होते. आपली हद्द कुठे संपते हे ओळखून मुलाला वेळेत मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवणे हाही या कामाचाच भाग आहे, आणि तो शिकावा लागतो.

छत्रपती संभाजीनगरात या कामाची गरज शोधत फिरावे लागत नाही. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची मुले नीट-जेईईच्या क्लाससाठी इथे खोली करून राहतात, मेसचे जेवतात आणि दर आठवड्याच्या टेस्टचे गुण घरी फोनवर सांगतात. दुसऱ्यांदा परीक्षेला बसणाऱ्या रिपीटर मुलावर तर घरच्या कर्जाचेही ओझे असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्यांपैकी 1,764 महाराष्ट्रातील होते आणि हा आकडा सर्व राज्यांत सर्वाधिक होता. दुसरीकडे शहरालगतच्या वाळूजच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये राबणारी कुटुंबे आहेत, जिथे मुलाची आणि वडिलांची धड भेटही होत नाही. शेतकरी कुटुंबांच्या समुपदेशनासाठी राज्य शासनाने 2015 मध्ये ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला तेव्हा त्यात मराठवाड्याचे सर्व आठ जिल्हे घ्यावे लागले. राज्याची जुनी चार मनोरुग्णालये मात्र ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत, मराठवाड्यात त्यांपैकी एकही नाही. त्यामुळे शहरातील शासकीय घाटी रुग्णालयाच्या मनोविकृतिशास्त्र विभागाकडे आसपासच्या जिल्ह्यांतूनही लोक येतात.

मूल समुपदेशकाकडे स्वतःहून क्वचितच येते. त्याला आणले जाते. आणणाऱ्यांची तक्रार एक असते आणि मुलाचे दुखणे वेगळेच निघते. ‘अभ्यास करत नाही, मोबाइल सोडत नाही’ असे आई सांगते. चारसहा बैठकांनंतर कळते की मुलाला घरातल्या भांडणांचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून कानात हेडफोन हवे असतात. लहान मुलांशी हे बोलणे चित्रांतून आणि खेळातून चालते. किशोरवयीन मुलाला आधी खात्री हवी असते की सांगितलेले सगळे घरी पोहोचणार नाही. ती खात्री देता येते, पण मर्यादा पहिल्याच भेटीत सांगून. मुलाच्या जिवाला धोका असेल तर पालकांना सांगावेच लागते, आणि अठरा वर्षांखालील मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे.

भाषेचा प्रश्न इथे पुस्तकात असतो त्याहून मोठा आहे. ‘नैराश्य’ हा शब्द घेऊन कोणी येत नाही. ‘करमत नाही’, ‘जीव घाबरा होतो’, ‘डोकं जड पडतं’ असे सांगतात. काही घरे आधी देवऋषी किंवा दर्गा करून आलेली असतात. त्यांना त्याबद्दल लाजवले की ती पुन्हा फिरकत नाहीत. या शहरात मराठीबरोबर दखनी उर्दू समजणाऱ्या समुपदेशकाची पोहोच बरीच वाढते. इंग्रजी कच्चे म्हणून घाबरणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्याने हे ध्यानात ठेवावे: संदर्भग्रंथांसाठी इंग्रजी लागतेच, पण घरची बोली ही त्याची मोठी शिदोरी आहे.

शिक्षणाचा मार्ग लांब आहे. बारावी कोणत्याही शाखेतून चालते. त्यानंतर मानसशास्त्र घेऊन पदवी आणि त्याच विषयात दोन वर्षांची एम.ए. ही किमान पायरी. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात मानसशास्त्र विभाग आहे. बाहेर जाण्याची तयारी असेल तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था समुपदेशनासाठी नावाजलेली आहे. समाजकार्यातील एम.एस.डब्ल्यू. करूनही कुटुंबांबरोबरच्या कामात शिरता येते. पदवी मिळाली म्हणजे समुपदेशन येते असे नाही. अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष बैठका घेतल्यावरच हात बसतो. म्हणून प्रवेश घेताना फीच्या आधी एक प्रश्न विचारावा: इथे देखरेखीखालील सरावाचे किती तास मिळतात?

सहा आठवड्यांत ‘प्रमाणित समुपदेशक’ करणाऱ्या ऑनलाइन कोर्सपासून पालकांनी सावध राहावे. संलग्न आरोग्यसेवा व्यवसायांसाठी केंद्राने 2021 मध्ये कायदा करून राष्ट्रीय आयोगाची तरतूद केली असून मानसशास्त्रज्ञ व समुपदेशक त्याच्या कक्षेत आले आहेत. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025-26 पासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन प्रवेश थांबवले. नियम अजून आकार घेत आहेत, पण दिशा स्पष्ट आहे: नियमित वर्गातील मान्यताप्राप्त पदवीशिवाय पुढे नोंदणी कठीण होईल.

नोकऱ्यांचे दरवाजे अनेक आहेत. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 रोजी दिलेल्या निकालात शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी, क्लासेससह, किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा असे निर्देश दिले. कौटुंबिक न्यायालयात विवाह समुपदेशक असतात. 1984 च्या कायद्यातच त्यांची तरतूद आहे. त्याच वर्षी टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष पुढे राज्यभर पसरला. शासकीय रुग्णालयांतील किशोरवयीनांची ‘मैत्री’ क्लिनिके, एचआयव्ही समुपदेशन केंद्रे, व्यसनमुक्ती केंद्रे, बालगृहे आणि 14416 ही मानसिक आरोग्याची टेलिमानस हेल्पलाइन इथेही माणसे लागतात.

पगाराबाबत मात्र आडपडदा नको. यातील बऱ्याच जागा कंत्राटी असतात, मानधन सुरुवातीला तुटपुंजे असते, आणि स्वतःचे केंद्र काढून त्यावर घर चालवायला काही वर्षे जातात. एम.ए. होताच कमाई सुरू व्हायलाच हवी अशी घरची स्थिती असेल, तर समाजकार्याची पदवी किंवा बी.एड. जोडून शाळेत शिरणे अधिक सुरक्षित ठरते.

ऐकून घेण्याची चिकाटी, गुपित पोटात ठेवण्याची सवय आणि चटकन सल्ला देण्याचा मोह आवरणे एवढे ज्याच्याकडे आहे त्याने या वाटेचा विचार करावा. स्वतःच्या घरातले दुःख भोगलेली मुलेही या विषयाकडे ओढीने येतात. त्यांनी आधी स्वतः समुपदेशन घेतलेले बरे. रोज इतरांचे ओझे ऐकणाऱ्या समुपदेशकालाही ठरावीक अंतराने एखाद्या ज्येष्ठाकडे जाऊन मोकळे व्हावे लागते, आणि चांगली संस्था त्यासाठी कामाच्या तासांतच वेळ देते.