मोत्या आणि काठी

शनिवार पेठेतल्या आमच्या वाड्यात मोत्या नावाचा कुत्रा आहे. तो रस्त्यावरून आला. पूर्वी कोणी तरी त्याला काठीने बडविले असावे. काठी दिसली की तो गुरगुरे. आम्ही तर काठी टेकून चालणारे!

आम्ही तीस वर्षे मुले शिकविली. छडी हाच उपाय आम्हांला ठाऊक. मोत्या गुरगुरला की आम्ही काठी उगारीत असू, एकदा मारलीही. गुरगुरणे थांबले. आम्हांला वाटले, सुधारला. आठ दिवसांनी तो न गुरगुरता आमच्या पोटरीला चावला. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुतली आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस घेतली.

शेजारी म्हणाले, "याला लांब सोडून या." तेवढ्यात कोणी एका ताईंचे नाव सुचविले. बिथरलेल्या जनावरांना माणसाळविणे हाच त्यांचा व्यवसाय. त्या म्हणाल्या, "गुरुजी, हा दुष्ट नाही, भ्यालेला आहे. गुरगुरणे ही त्याची बोली. 'जवळ येऊ नका' असे तो सांगत होता. तुम्ही त्याची बोली बंद केलीत. भीती तशीच राहिली."

आधी त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून मोत्याला तपासून घेतले; कारण दुखणे असले तरी जनावर चावते. मग काठी वीस पावलांवर भिंतीला टेकविली. मोत्याने ती पाहिली की लगेच उकडलेल्या अंड्याचा तुकडा! तो शांत राहिला तर दुसऱ्या दिवशी काठी एक पाऊल जवळ. घाबरला तर पुन्हा मागे. रोज पाचच मिनिटे. रोजची नोंद वहीत. बक्षीस मात्र त्याच क्षणी द्यायचे. उशीर झाला तर ते कशाबद्दल मिळाले हे जनावराला कळत नाही.

दोन महिन्यांनी आम्ही काठी टेकीत जवळून गेलो. मोत्याने शेपूट हलविले!

यामागे शास्त्र आहे. १८९८ साली थॉर्नडाइक या अमेरिकन पंडिताने मांजरांवर प्रयोग केले. पेटीतली मांजर खटका दाबून बाहेर आली की तिला खाऊ मिळे. पुढे पुढे ती लवकर बाहेर येऊ लागली. ज्या कृतीने सुख मिळते, ती कृती जनावर पुन्हा करते.

पूर्वी दरवेशी अस्वलाच्या नाकात वेसण घालून त्याला नाचवीत. ते शिक्षण वेदनेचे होते. १९९८ साली सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट्या व सिंह यांच्या खेळांना बंदी केली. आज कित्येक प्राणिसंग्रहालयांत बक्षीस देऊन जनावरांना सुई टोचून घ्यायला शिकवितात. मग त्यांना बेशुद्ध करावे लागत नाही.

पुण्यात रेस्क्यू ही संस्था २००७ सालापासून जखमी जनावरांवर उपचार करीत आली आहे. अंगाची जखम औषधाने भरते. मनातली भीती घालवायला शिकलेला माणूस लागतो. हे काम जाणत्याच्या हाताखाली राहून शिकावे. त्याला बळ थोडे आणि धीर फार लागतो.

आमच्या वर्गातही काही मुले गप्प बसत. ती शिकली होती की भ्याली होती, हे आम्ही कधी विचारले नाही.

प्रश्न
१. मोत्या न गुरगुरता का चावला?
२. बक्षीस लगेच का द्यावे?
३. कुत्रा चावल्यास प्रथम काय कराल?