‘भरून पावलों’ : फिटलेल्या देण्याच्या तगाद्याविषयीं धडा

देणें असतां तें न देणें हा अन्याय आहे, हें लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु फेडलेलें देणें पुन्हां मागणें हाही अन्यायच होय, आणि भिऊन तें पुन्हां देणें यांत शहाणपण नाहीं, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं आपल्याकडे ऋणको देणें फेडी तेव्हां सावकाराकडून खतावर ‘भरून पावलों’ असें लिहून घेई. ह्या दोन शब्दांत त्याची सुटका असे. जेथें हे दोन शब्द आपण होऊन कोणी लिहून देत नाहीं, तेथें प्रामाणिक मनुष्यावर काय प्रसंग येतो व त्यानें त्यांतून कसें निभावावें, हें आजच्या धड्यांत पाहूं. उदाहरण अमेरिकेचें घेतलें आहे. कारण दवाखान्याच्या फिटलेल्या बिलाचा तगादा हा प्रकार त्या देशांत फार आढळतो, आणि आतां आपल्या खेड्यांतूनही मुलें शिक्षणास व नोकरीस तिकडे जातात.

१. हा प्रकार कसा घडतो

आपल्याकडे खाजगी दवाखान्यांत बहुधा बिल चुकतें केल्यावरच रोग्यास घरीं जाऊं देतात. अमेरिकेंत बहुतकरून तसें नाहीं. तेथें रोगी आधीं घरीं येतो आणि बिल कांहीं आठवड्यांनीं मागून येतें. तेंही एकच नसतें. समजा, एका बाईवर शस्त्रक्रिया झाली. तिला इस्पितळाचें बिल निराळें येतें, शस्त्रवैद्याचें निराळें, भूल देणाऱ्या डॉक्टराचें निराळें, क्ष-किरणांचें चित्र पाहणाऱ्याचें निराळें, आणि रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेचें निराळें. शिवाय प्रत्येक बिलाचा कांहीं भाग विमा कंपनीनें द्यावयाचा व उरलेला रोग्यानें द्यावयाचा असतो. विमा कंपनीचा निकाल लागण्यास कधीं कधीं महिने लोटतात. एकाच आजाराच्या हिशेबांत असे अनेक हात फिरूं लागले म्हणजे चूक होण्यास उशीर लागत नाहीं.

ह्या चुका बहुधा तीन प्रकारच्या असतात. पहिली ही कीं, रोग्यानें पैसे दिलेले असतात, परंतु कारकून ते दुसऱ्याच बिलाच्या किंवा दुसऱ्याच मनुष्याच्या खात्यावर जमा मांडतो. दुसरी ही कीं, विमा कंपनीनें आपला भाग मागाहून दिला, तरी इस्पितळाच्या वहींत ती बाकी तशीच राहते. तिसरी ही कीं, इस्पितळानें खातें वसुलीच्या पेढीकडे सोंपविलें, त्यानंतर रोग्यानें थेट इस्पितळांत पैसे भरले, आणि ती बातमी पेढीला कोणी कळविली नाहीं.

वसुलीच्या पेढ्या दोन रीतींनीं चालतात. कांहीं पेढ्या वसूल झालेल्या रकमेचा ठराविक हिस्सा घेऊन दुसऱ्याचें देणें वसूल करितात. कांहीं पेढ्या तें देणेंच मूळ रकमेच्या अगदीं लहान अंशानें विकत घेतात, व मग जें वसूल होईल तें सर्व त्यांचें. दोन्ही रीतींत पेढीच्या हातीं बहुधा एक यादी येते. तींत नांव, पत्ता व रक्कम असते. रोग्याच्या घरच्या पेटींतील पावती तींत नसते. म्हणून टेलिफोनवर बोलणारा कारकून लबाडच आहे असें समजूं नये. त्याला खरें ठाऊक नसेल. तें त्याला कळविणें हें आपलें काम आहे.

हा विषय लहान नाहीं. ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठीं २०१० च्या कायद्यानें अमेरिकेंत जें सरकारी खातें स्थापन झालें, त्यानें २०२२ सालीं प्रसिद्ध केलेल्या अहवालांत असें सांगितलें कीं, लोकांच्या पतनोंदींत दाखविलेलें वैद्यकीय देणें सुमारें ८८ अब्ज डॉलर होतें. एवढ्या ढिगांत चुकीचीं व फिटलेलीं देणींही मिसळलेलीं असतात, हें उघड आहे.

२. भय व लाज

ज्याला देणें बुडविण्याची संवय आहे, तो तगाद्याच्या पत्रानें भीत नाहीं. पत्र आलें कीं झोंप उडते ती प्रामाणिक मनुष्याची. त्याला वाटतें, आपली पत जाईल, नोकरीच्या ठिकाणीं कळेल, शेजारी बोलतील. मग तो मनांत म्हणतो, “रक्कम फार मोठी नाहीं, देऊन टाकूं आणि मोकळे होऊं.” खरा धोका येथेंच आहे. दुसऱ्यांदा दिलेला पैसा परत मिळविणें फार कठीण जातें, आणि वहींतील मूळ चूक तशीच राहिल्यामुळें तोच तगादा दुसऱ्या पेढीकडून पुन्हां येऊं शकतो. तेथील अनेक राज्यांत अशी रीत आहे कीं, जुन्या देण्यापैकीं थोडी रक्कम दिली तरी दाव्याची मुदत नव्यानें सुरू होऊं शकते. म्हणून ‘तूर्त थोडें तरी पाठवा’ ह्या गोड बोलण्यानें भुलूं नये.

लाज कोणास वाटावी याचाही विचार करावा. ज्यानें घेतलें आणि देत नाहीं, त्यास लाज वाटावी. ज्यानें आपल्या घामाच्या पैशानें इस्पितळाचें ऋण फेडलें, त्यानें मान खालीं घालण्याचें कांहींएक कारण नाहीं. परंतु आपलें खरेंपण मनांत ठेवून तो गप्प बसेल तर तें दुसऱ्यास कसें कळावें? त्यानें तें कागदावर दाखविलें पाहिजे, आणि तेंही वेळेवर.

३. कायदा काय म्हणतो

अमेरिकेंत १९७७ सालीं कर्जवसुलीच्या रीतीविषयीं एक कायदा झाला. तो दुसऱ्याचें देणें वसूल करणाऱ्या पेढ्यांस लागू आहे. स्वतःचें येणें मागणाऱ्या इस्पितळास तो सामान्यतः लागू नाहीं. त्यांतील मुख्य गोष्टी अशा आहेत.

पेढीनें पहिल्यानें गांठ घेतल्यापासून पांच दिवसांच्या आंत देण्याची रक्कम व धनकोचें नांव लेखी कळविलें पाहिजे. तें पत्र मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आंत ऋणकोनें ‘हें देणें मला मान्य नाहीं’ असें लेखी कळविलें, तर त्या देण्याचा पुरावा पाठवीपर्यंत पेढीला वसुली थांबवावी लागते. सकाळीं ८ च्या आधीं व रात्रीं ९ च्या नंतर टेलिफोन करणें सामान्यतः मना आहे. धमकी देणें, शिवीगाळ करणें, शेजाऱ्यास किंवा मालकास देण्याची हकीकत सांगणें, आणि देण्याची रक्कम किंवा स्थिति खोटी सांगणें, हींही मना आहेत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून लागू झालेल्या नियमांप्रमाणें एका देण्याविषयीं सात दिवसांत सातांहून अधिक वेळां टेलिफोन करणें हा छळ समजला जातो. पेढीनें कायदा मोडल्यास ऋणको एक वर्षाच्या आंत तिच्यावर दावा करूं शकतो. प्रत्यक्ष नुकसानीखेरीज न्यायालय त्यास १,००० डॉलरपर्यंत अधिक रक्कम देववूं शकतें.

३० दिवसांत हरकत घेतली नाहीं एवढ्यावरून न्यायालयानें देणें कबूल झालें असें धरूं नये, हेंही त्याच कायद्यांत लिहिलें आहे. तरी ते दिवस फुकट दवडूं नयेत. कारण वसुली थांबविण्याचा हक्क त्या मुदतींत पत्र लिहिणाऱ्यासच मिळतो.

४. काय करावें

पहिलें, टेलिफोनवर कांहींही कबूल करूं नये. बँकेच्या खात्याचा अंक सांगूं नये. “जें सांगावयाचें तें लिहून पाठवा,” एवढें सभ्यपणानें बोलून थांबावें, आणि बोलणाऱ्याचें नांव, पेढीचें नांव, तारीख व वेळ वहींत टिपून ठेवावीं.

दुसरें, देणें खरोखर फिटलें आहे काय, हें स्वतः तपासावें. बिलावरील उपचाराची तारीख व खात्याचा अंक पाहावा. शस्त्रवैद्याचें बिल दिलें, परंतु भूल देणाऱ्याचें राहिलें, असें असूं शकतें. राहिलें असेल तर तें द्यावें. हा धडा देणें चुकविण्याचा नव्हे.

तिसरें, पुरावा गोळा करावा. इस्पितळाची पावती, वटलेल्या चेकाची नक्कल, बँकेच्या पत्रकांतील ती ओळ, आणि विमा कंपनीनें कोणास किती दिलें हें सांगणारें तिचें पत्रक, हीं सर्व एकत्र करावीं. पावती हरवली असली तरी बँकेंतून जुन्या पत्रकाची नक्कल मागतां येते.

चवथें, पेढीला पत्र लिहावें. पत्र लांब नसावें आणि त्यांत राग नसावा. एवढें पुरे : “आपलें अमुक तारखेचें, अमुक अंकाच्या खात्याविषयींचें पत्र मिळालें. हें देणें मला मान्य नाहीं. ही रक्कम मीं अमुक तारखेस अमुक इस्पितळास पूर्ण दिली आहे. पावतीची नक्कल सोबत आहे. आपल्यापाशीं याविरुद्ध पुरावा असल्यास लेखी पाठवावा. नसल्यास हें खातें बंद करून तसें मला लेखी कळवावें.” अस्सल पावती कधींही पाठवूं नये, नक्कलच पाठवावी. पत्र पोंचपावतीसह रजिस्टर टपालानें पाठवून त्याचीही एक नक्कल घरीं ठेवावी.

पांचवें, त्याच दिवशीं इस्पितळाच्या हिशेबखात्यासही लिहावें. पैसे कोणत्या खात्यावर जमा मांडले तें शोधण्यास सांगावें, बाकी शून्य असल्याचें पत्र मागावें, आणि वसुलीच्या पेढीकडून खातें परत घेण्यास सांगावें. चूक जेथें जन्मली तेथें ती दुरुस्त झाली नाहीं, तर पेढीशीं केलेला सर्व खटाटोप व्यर्थ जाण्याचा संभव आहे.

सहावें, पतनोंद पाहावी. तेथें इक्विफॅक्स, एक्सपेरियन व ट्रान्सयुनियन अशा तीन मोठ्या कंपन्या लोकांच्या पतीची नोंद ठेवितात, आणि घर भाड्यानें घेतांना किंवा कर्ज काढतांना ती नोंद पाहिली जाते. त्यांनीं १ जुलै २०२२ पासून फिटलेलीं वैद्यकीय देणीं आपल्या नोंदींतून काढून टाकिलीं. तरी चुकीनें तसें देणें आढळल्यास त्या कंपनीला लेखी हरकत कळवावी. तिला सामान्यतः ३० दिवसांत चौकशी करावी लागते. सर्वच वैद्यकीय देणीं अशा नोंदींतून वगळावीं असा सरकारी नियम २०२५ च्या जानेवारींत झाला होता, परंतु त्याच वर्षीं जुलै महिन्यांत टेक्सास येथील न्यायालयानें तो रद्द केला. नियम असे येतात व जातात. यास्तव आपली पावती आपण जपावी.

सातवें, आणि हें सर्वांत महत्त्वाचें : न्यायालयाचें समन्स आलें तर तें बाजूला टाकूं नये. ‘मीं तर पैसे दिले आहेत, मग कशास जावें?’ असें म्हणून पुष्कळ लोक घरीं बसतात. मग न्यायाधीशापुढें एकाच पक्षाचें म्हणणें येतें, एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि बहुतेक राज्यांत त्यावरून पगारांतून पैसे कापून घेतां येतात. दिलेल्या मुदतींत लेखी उत्तर द्यावें व पावती घेऊन हजर व्हावें. वकिलास देण्यास पैसे नसतील तर गरिबांस फुकट साहाय्य करणाऱ्या संस्था तेथें आहेत.

५. आपल्याकडील अनुभव

फिटलेलें देणें पुन्हां मागितलें जाणें ही गोष्ट आपल्या देशास नवी नाहीं. इ. स. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें व पुढें आसपासच्या गांवीं शेतकरी सावकारांवर उठले, तेव्हां त्यांचा रोख मुख्यतः खतें व हुकूमनामे यांवर होता. ते हिसकून घेऊन त्यांनीं जाळले. लिहितां वाचतां न येणाऱ्या कुळास आपण काय दिलें हें दाखवितां येत नसे, आणि सावकाराच्या वहींत जें असेल तेंच खरें ठरे. ह्या दंग्यांनंतर १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांसाठीं जो कायदा झाला, त्यानें दिलेल्या रकमेची लेखी पावती, वर्षाचा हिशेब व खातेंपुस्तक मागण्याचा हक्क शेतकऱ्यास दिला. १९४६ च्या मुंबई सावकारी कायद्यानें पावतीवांचून रक्कम घेण्यास सावकारास मनाई केली. कागद जाळून जें साधलें नाहीं, तें कागद मागण्याच्या हक्कानें साधावें, असा त्या कायद्यांचा हेतु होता.

आज आपल्या खेड्यांत इस्पितळाचें बिल जागींच चुकतें होतें, परंतु तें चुकविण्यासाठीं बँकेचें, सोसायटीचें किंवा सावकाराचें कर्ज काढावें लागतें. त्याचा शेवटचा हप्ता भरल्यावर ‘कांहीं बाकी नाहीं’ असा दाखला मागून घ्यावा. बँका व वित्तकंपन्या यांच्या वसुली करणाऱ्यांनीं सकाळीं ८ च्या आधीं व सायंकाळीं ७ च्या नंतर ऋणकोस टेलिफोन करूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें २०२२ च्या ऑगस्टांत बजाविलें आहे, हेंही ध्यानांत ठेवावें.

मंडळींतील ज्या बंधुभगिनींस वाचतां येत नाहीं, त्यांचीं अशीं पत्रें शिक्षकांनीं व वाचतां येणाऱ्या तरुणांनीं वाचून दाखवावीं, उत्तर लिहून द्यावें, आणि पावत्या एका पेटींत तारीखवार लावून ठेवण्यास त्यांस शिकवावें. तगाद्यास भिऊन एखादी विधवा दुसऱ्यांदा पैसे देण्यास बी-बियाण्याचा पैसा काढीत असेल, तर एका पत्रानें तिचें तें वर्ष वांचूं शकेल.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. एकाच शस्त्रक्रियेचीं अनेक बिलें कां येतात, व त्यांमुळें कोणत्या चुका होतात?
२. फिटलेलें देणें ‘थोडेंच आहे’ म्हणून पुन्हां दिल्यानें काय हानि होते?
३. ३० दिवसांची मुदत कोणती, व ती कां पाळावी?
४. पेढीबरोबर इस्पितळासही पत्र कां लिहावें?
५. तुमच्या घरीं मागल्या पांच वर्षांच्या पावत्या कोठें आहेत? आज संध्याकाळीं त्या शोधून एकत्र ठेवाव्या.