कागदावरची परीक्षा आणि पडद्यावरची

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यात समुद्रकाठी मुरुड नावाचे गाव आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे बालपण याच गावी गेले. १८७५ साली सरकारी नोकरीस पात्र ठरविणारी परीक्षा देण्यासाठी ते साताऱ्यास निघाले. दिवस पावसाचे, वाट सह्याद्रीच्या घाटाची, अंतर सुमारे ११० मैल, म्हणजे १७५ किलोमीटरांहून अधिक. एवढे अंतर ते पायी चालून गेले. तेथे पोहोचल्यावर मात्र, हा मुलगा वयाने फार लहान दिसतो, असे म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही.

ही हकिकत ऐकून शेजारच्या एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, तेव्हा संगणक असता, तर त्यानेही कर्व्यांना परत पाठवले असते का?"

ही मुलगी सीईटी या प्रवेशपरीक्षेची तयारी करीत होती. अभियांत्रिकी व औषधनिर्माणशास्त्र यांच्या प्रवेशासाठी आपले राज्य ही परीक्षा घेते. पूर्वी ती कागदावर होत असे. २०१९ पासून संगणकावर होऊ लागली. मुलीचे गणित उत्तम. परंतु सरावाच्या पहिल्याच परीक्षेत तिची दहा मिनिटे माऊस हाताळण्यातच गेली. जे तिला येत होते, तेही लिहावयाचे राहून गेले. चूक तिच्या अभ्यासाची नव्हती. ज्याच्या घरी संगणक आहे, त्याला ही वाट सपाट. ज्याच्या घरी नाही, त्याला ती घाटाची!

एरवी पडद्याचे काही गुण मान्य केलेच पाहिजेत. कागदी उत्तरपत्रिकेतील वर्तुळ एकदा शाईने भरले, की खोडता येत नाही. संगणकावर वेळ संपेपर्यंत उत्तर बदलता येते. छापील प्रश्नपत्रिका गावोगाव पोहोचवाव्या लागतात व वाटेत त्या जपाव्या लागतात. ती चिंता येथे पुष्कळ कमी होते. उलट, कागदावर सारी प्रश्नपत्रिका एका दृष्टिक्षेपात चाळता येते, आकृतीवर खूण करता येते. गणित सोडविण्यासाठी तर संगणकापुढेही कोरा कागद घ्यावाच लागतो.

आता गणिताकडेच वळू. साताऱ्याहून विन्मुख परतलेले कर्वे पुढे १८८४ साली गणित घेऊन बी.ए. झाले आणि १८९१ पासून पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात तोच विषय शिकवू लागले. त्यांना आवडला असता, असा एक प्रश्न या परीक्षेने निर्माण केला आहे. परीक्षार्थी लाखो, संगणक मोजके. म्हणून परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत घ्यावी लागते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका वेगळी असते. सकाळची सोपी निघाली व दुपारची अवघड, तर गुणांची तुलना कशी करावयाची?

यासाठी पर्सेंटाईल काढतात. समजा, एका सत्रात १,००० विद्यार्थी बसले. तुम्हांला १२० गुण मिळाले, आणि १२० किंवा त्याहून कमी गुण मिळविणारे, तुम्हांला धरून, ९०० आहेत. ९०० भागिले १,०००, गुणिले १००: तुमचे पर्सेंटाईल ९०. दुसऱ्या, सोप्या सत्रात हेच स्थान मिळविण्यास कदाचित १४० गुण लागतील. तेव्हा येथे गुणांपेक्षा सत्रातील स्थान मोजले जाते. युक्ती चांगली आहे. मात्र सर्व सत्रांत सारख्याच तयारीची मुले आली असतील, हे तीत गृहीत धरलेले असते. मला स्वतःला सर्वांपुढे एकच प्रश्नपत्रिका असलेली अधिक बरी वाटते. पण मी जुन्या वळणाचा मनुष्य आहे, हेही लक्षात घ्या.

त्या मुलीस मी म्हणालो, "पडद्याला चेहरा दिसत नाही, हे खरे. पण केंद्राच्या दारात अजून माणूसच उभा असतो. तो प्रवेशपत्र मागतो, छायाचित्र चेहऱ्याशी ताडून पाहतो. तुझे ओळखपत्र कोठे आहे?"

ती हसली आणि ते शोधण्यासाठी घरात गेली.