बुडालेल्या आगबोटीचा अभ्यास

मुरब्याच्या मुलांस समुद्र नवा नाही. अशाच एका विद्यार्थ्याने परवा आम्हांस विचारले, "गुरुजी, बाबांचे जाळे तळाशी अडकते, तेथे काय असते हे कोणी उतरून पाहते काय?" प्रश्न चांगला होता, म्हणून हा पाठ लिहीत आहो.

गोव्यात दोनापावल येथे १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिच्या पाणबुड्यांनी गोव्याजवळील अमी शोल्स नामक उथळ भागी एका जुन्या जहाजाचे अवशेष तपासले. तेथे बॉयलर, एंजिनाचे भाग आणि बॉयलरास लावण्याच्या भाजक्या विटा आढळल्या. शिडाच्या गलबतास बॉयलर कशाला हवा? अर्थात ती आगबोट होती.

सेंट जॉर्ज रीफवरील दुसऱ्या जहाजाची गोष्ट याहून बोधप्रद आहे. त्यातील कौलांवर बासेल मिशनच्या कारखान्याचे नाव व १८६५ हे साल उमटलेले आहे. कोणी घाईने म्हणेल, जहाज त्याच वर्षी बुडाले. तसे नव्हे! १८६५ हे मंगळूरच्या कारखान्याच्या स्थापनेचे साल होय. जहाज त्यापूर्वी बुडालेले नाही, इतकेच त्यावरून सिद्ध होते. इतिहासाच्या उत्तरपत्रिकेत आमचे विद्यार्थी हीच चूक करितात.

आता उतरण्याविषयी. पाणबुड्याच्या पाठीवरील टाकीत दाबून भरलेली साधी हवा असते, निव्वळ प्राणवायू नव्हे. ती बेताने पुरविणारे यंत्र कुस्तो व गान्यां या फ्रेंच गृहस्थांनी १९४३ साली सिद्ध केले. दर दहा मीटरांस एका वातावरणाइतका दाब वाढतो. आपली मुले वर श्वास घेऊन बुडी मारितात. त्यांच्या छातीतील हवा खाली आकसते व वर येताना पूर्ववत होते. टाकीची गोष्ट निराळी. दहा मीटरांवर भरलेला श्वास कोंडून जो वर येईल, त्याच्या छातीतील हवा दुप्पट जागा मागेल आणि फुप्फुस फाटेल. म्हणजे श्वास रोखण्याची जी सवय खाडीत उपयोगी, तीच येथे प्राणघातक! पालकांनी हे ध्यानात घ्यावे. पट्टीचा पोहणारा मुलगाही शिक्षणावाचून टाकी लावून उतरता कामा नये.

शिवाय बुडालेल्या जहाजास तुटकी जाळी गुंतलेली असतात, लोखंड गंजून धारदार झालेले असते, आणि आत शिरल्यास गाळ उठून परतीची वाट दिसेनाशी होते.

"एखादी वीट वर्गात आणता येईल काय?" असेही त्या विद्यार्थ्याने विचारले. वीट बॉयलरापाशी होती की दूर, ही माहिती ती उचलताच नाहीशी होते; याकरिता पाणबुडे आधी मोजमाप घेऊन नकाशा काढतात. आपल्या किनाऱ्याचे पाणी गढूळ, येथे तळ दिसणे कठीण. तथापि जाळे अडकते ती जागा वहीत टिपून ठेवण्यास आम्ही त्यास सांगितले आहे. त्याच्या वडिलांस ती तोंडपाठ आहे.