आधी ओल, मग रंग

प्रश्न : पुण्यात कोथरूडला आमचा तीस वर्षं जुना टू बीएचके फ्लॅट आहे. आठ महिने लोक बघून जातात, पुढे काही हलत नाही. नवं किचन करून घ्यावं का?

उत्तर : किचनवर पैसे घालू नका. घेणारा बहुतेक वेळा ते तोडून आपल्या मनासारखं करतो. आधी बेडरूमच्या भिंतीवरून हात फिरवा. पोपडे निघतात? मग ओल वरच्यांच्या बाथरूममधून येते की बाहेरच्या चिरेतून, ते शोधा. ती बंद करा, भिंत पूर्ण वाळू द्या आणि मगच रंग काढा. ओलीवर मारलेला रंग पावसाळ्यात फुगतो आणि गिऱ्हाइकाची नजर नेमकी तिथेच जाते.

गॅलरीतला जुना कूलर, रद्दी, मोडक्या कुंड्या काढा. हॉलमध्ये लगेच उजेड येईल.

शेअर सर्टिफिकेट, इंडेक्स टू, आधीचे सगळे करारनामे, भोगवटापत्र एका फायलीत लावा. कर्ज देणाऱ्या बँकेचा वकील हेच मागतो. यातला एक कागद सापडेना, म्हणून ठरलेले व्यवहार मोडताना मी पाहिलेत.

किंमत मात्र शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून ठरवू नका. तुमच्याच गल्लीतल्या अलीकडच्या व्यवहारांचे इंडेक्स टू नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर पाहता येतात.